लाल शाईतली गोदा

उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या तळच्या पेरावर टेकायचा आणि बाई समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. तुम्ही बोलत असायचा आणि तो अंगठा एकेक पेर पुढे सरकत असायचा. मला आधी वाटलं, बाई मनातल्या मनात जप करतात. मग कळलं, त्या माझी अक्षरं मोजत होत्या. माझं बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "बावीस. अभंगात चपखल बसलं असतं. पण बोललात ते खोटं."

खोटंच होतं. परसातला नळ मी उघडा टाकला नव्हता, असं मी त्यांना पटवत होतो.

"मोजून बघा" हे त्यांचं पालुपद. शाळेतल्या मुलींना तेच, वाण्याला तेच, आमच्या मराठी मंडळाच्या चिटणिसांनाही तेच. गांधी बाजारातल्या फुलवालीने हातभर म्हणून दिलेली माळ त्या आपल्या हाताला लावून बघत आणि बोटभर कमी भरली की शांतपणे तिच्या परडीत परत ठेवत. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. त्याच्यासमोर तोंड उघडण्याआधी आपण वाक्य एकदा तपासून घेतो आणि मागे त्याला खडूस म्हणतो. आम्हीही म्हणायचो.

बाईंचं नाव मी इथे लिहिणार नाही. का लिहिणार नाही ते पुढे येईलच. तोवर तुम्हीही त्यांना नुसतं बाई म्हणा. बंगळूरची अर्धी बसवनगुडी तेच म्हणत होती.

पन्नासच्या दशकात मी पुण्याहून बंगळूरला आलो, एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून. बाईंच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. घर त्यांच्या थोरल्या भावाचं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, समारंभाला जरीची म्हैसुरी पगडी घालणारे, आणि आमच्या मराठी मंडळाचे कायमचे अध्यक्ष. घराणं कितीतरी पिढ्यांपासून म्हैसूर राज्यातलं. घरात मराठी बोलत, पण तिच्यात कन्नड असं मुरलेलं की मला पहिले काही दिवस हसू आवरत नसे. "स्वल्प बसा, कॉफी आणते," असं बाई म्हणाल्या आणि मी हसलो. तर म्हणाल्या, "हसा. आमची मराठी इथं एकटी राहिली, म्हणून शेजारणीकडं उठबस करते. तुमच्या पुण्याला शेजार कुठं आहे?"

बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, कन्नडमधून. लग्न केलं नव्हतं. कविता मात्र मराठीत, आणि तीही जुन्या छंदांत. मी पुण्याचा, नवं वाचणारा. तोऱ्यात म्हटलं, "बाई, हल्ली मुक्तछंद चालतो."

"मुक्त? कोण मुक्त?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर माझी शाळा भरू लागली. चार बोटं, बारा पेरं. आर्येचा पहिला चरण बारा मात्रांचा, तो एका हातात मावतो. अभंगात मात्रा नाही, अक्षर मोजायचं: सहा, सहा, सहा आणि चार. "छंद म्हणजे पाट आहे हो," त्या म्हणायच्या. "पाट मांडला की कोणी तरी येऊन बसतं. तुमच्या मुक्तछंदात येणाऱ्यानं बसायचं कुठं?" मी चुकलो की कपाळाला हात लावत, बरोबर आलं की कन्नडातलं "सरी" म्हणत, म्हणजे ठीक. त्या एका "सरी"साठी मी कारखान्यातून धावत घरी यायचो.

त्यांचे दोन संग्रह तेव्हा निघालेले होते. पहिला वडिलांवर, सगळा आर्यांचा. दुसरा आईवर आणि स्वयंपाकघरावर, साकी आणि दिंडीत. अण्णांना पहिला फार प्रिय. आल्यागेल्याला ते त्यातली वडिलांच्या सचोटीवरची आर्या म्हणून दाखवत, चालीत आणि चुकीची. बाई आतून ओरडत, "अण्णा, दोन मात्रा खाल्ल्यास!" अण्णा हसत. त्यांना मोजता येत नसे आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे.

तिसऱ्या संग्रहाची वही बाईंनी मला दाखवली तेव्हा त्या सुपात रागी, म्हणजे आपली नाचणी, पाखडत होत्या. पाखडता पाखडताच त्यांनी सांगितलं.

गोदा ही त्यांची आत्या. आठव्या वर्षी लग्न, दहाव्या वर्षी विधवा. मग भावाच्या घरी परत, डोक्यावरून पदर, रांधा-वाढा. न्हावी दर पंधरवड्याला मागच्या दारी यायचा. तिशी उलटल्यावर एका सकाळी आत्याने त्याला सांगितलं, "परत जा. आजपासून नको." एवढंच. ना भांडली, ना रडली. केस वाढू दिले.

"बाबांनी तिला लाकडाच्या खोलीत, सरपणाशेजारी ठेवलं," बाई म्हणाल्या. "ताट तिकडं जायचं. घरात सांगून सोडलं, तिचं नाव घ्यायचं नाही, हाक मारायची नाही. जातं त्याच खोलीत होतं, म्हणून दळण तिचंच राहिलं. मी सात वर्षांची. खुंट्याला हात लावायला मला पाठवायचे. ती दळताना गायची, स्वतःची गाणी. आणि दर गाण्याच्या शेवटी, गोदा म्हणे."

मी म्हटलं, "संतांसारखी नाममुद्रा."

"संत कुठले हो!" सूप थांबलं. "दिवसभरात तिला कोणी नावानं हाक मारत नव्हतं. म्हणून ती स्वतःलाच मारायची."

सात वर्षं तशी काढून आत्या गेली. गाणी कितीतरी होती. बाईंना चोपन्न आठवली. विसरलेले चरण त्यांनी जुळवून घेतले, पण सही आत्याची ठेवली. मी म्हणालो, प्रस्तावना लिहा, कोण गोदा ते सांगा. त्या म्हणाल्या, "शेवटी नाव आहे की. अभंगाला आणखी दाखला लागत नाही." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "बाबांवर एवढ्या आर्या लिहिल्या मी. सगळ्या मोजून, मापात. एकीतही हे लिहिलं नाही. हे पुस्तक निघालं पाहिजे. तिचं नाव कुठं तरी छापलेलं पाहिजे."

पहिल्या गाण्याचा शेवट असा होता:

गोदा म्हणे आता
पीठ झाले सारे
दाणे कोण बा रे
मोजणार

रागीचे दाणे बघितलेत ना तुम्ही? मोहरीहून बारीक. मी सुपाकडे बघत बसलो.

पुस्तक मंडळातर्फे निघायचं ठरलं. छपाई बंगळूरच्याच शिवाजीनगरातल्या एका छापखान्यात. तिथे उर्दू, तमिळ, कन्नड सगळं छापत आणि देवनागरी अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांची एक पेटी होती. तोवर मंडळात मलाही एक लहानसं पद मिळालं होतं, म्हणून ने-आण माझ्याकडे. बाईंनी शेवटची मुद्रितं तपासली, शाळेच्या लाल शाईने सही केली आणि माझ्या हातात दिली. "तुम्ही आहात म्हणून काळजी नाही," असं म्हणाल्या. हे वाक्य मला आठवतं आणि आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

त्याच संध्याकाळी अण्णांनी मला पुढच्या खोलीत बोलावलं. कॉफी आली. कॉफीबरोबर कोडुबळे, म्हणजे इकडची कडबोळी, आले, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"गाणी सुंदर आहेत," अण्णा म्हणाले. "फक्त ते नाव. लोक विचारणार, गोदा कोण? काय सांगू मी? बाबांना गाव देवमाणूस म्हणतं. हिनंच तसं लिहिलंय."

"मग गाणी काढायची?"

"छे, छे! गाणी कशाला? नुसतं नाव. मला त्यातलं कळत नाही. तुम्हाला तिनं शिकवलंय. तुम्ही पुण्याचे, हुशार. बघा काही जमतं का."

वाचकहो, मी नाही म्हणू शकलो असतो. खोल्या गेल्या असत्या, मंडळातलं पद गेलं असतं, दुसरं काही झालं नसतं. पण मी घाबरलो म्हणून ते केलं, असं सांगितलं तर तेही पूर्ण खरं होणार नाही. खरं त्याहून घाण आहे. अण्णांनी मला कोडं घातलं आणि मला ते सोडवायची हौस आली. माझा अंगठा करंगळीवर गेला. गोदा म्हणे, चार अक्षरं. मी म्हणालो, "मन म्हणे. तेवढीच अक्षरं. कुठेही धक्का लागत नाही." आणि अण्णा "वा!" म्हणाले तेव्हा मी खूश झालो.

छापखान्यातला खिळे जुळवणारा जुळारी तमिळ होता. मराठी त्याला वाचता येत नव्हती. नुसत्या आकारावरून तो खिळे लावायचा. चोपन्न जागा मी खुणा करून दिल्या. त्याने कागद बघितला, बाईंची लाल सही बघितली आणि मला मोडक्या हिंदीत विचारलं, "अम्मा को मालूम?"

मी म्हटलं, "हां."

त्याने एकेका पानातून गोदा काढली आणि मन बसवलं. काढलेले खिळे दगडावर बाजूला पडले होते. ते हाताने गोळा करून त्याने पेटीत टाकले.

प्रकाशन समारंभ बसवनगुडीतल्याच एका सभागृहात झाला. अध्यक्षस्थानी अण्णा, पगडीसकट. पुण्याहून एक विद्वान आणले होते. त्यांना प्रत आदल्या दिवशी दिली होती आणि ते तासभर बोलले. म्हणाले, कवयित्रीने आपल्या मनाशी केलेला हा उदात्त संवाद आहे, ही आत्मचिंतनाची वाट आहे. श्रोत्यांच्या माना डोलत होत्या. लाकडाच्या खोलीत सात वर्षं बसवलेल्या बाईचं त्या माणसाने तासाभरात आत्मचिंतन करून टाकलं, आणि त्याचा त्यात काही दोष नव्हता. त्याच्या हातात मी तेच दिलं होतं.

बाईंच्या हातात पुस्तक आलं ते व्यासपीठावरच. त्या वाचायला उभ्या राहिल्या. पहिलं गाणं. शेवटाला आल्या आणि "मन" वाचून थांबल्या. अंगठा करंगळीवर गेला. मग पान उलटलं. आणखी एक उलटलं. आणखी एक. सभागृहात कोणी तरी खोकलं.

"आमच्या अण्णाला अक्षरं मोजता येत नाहीत," बाई म्हणाल्या. ध्वनिक्षेपकाची त्यांना गरज नव्हती. "त्यानं हे केलं असतं तर कुठं तरी पाच झाली असती. इथं सगळीकडं चार आहेत. हे ज्यानं बसवलं, त्याला मी माझ्या ओट्यावर शिकवलंय."

आणि त्या खाली उतरून चालत्या झाल्या.

लोकांना वाटलं, कवयित्रीचा विनय. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत हारांची परडी मांडीवर घेऊन बसलो होतो. मी उठलो नाही. त्या टाळ्यांचा मला आजही राग येतो, पण माझे दोन हातही त्यांत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर गेलो. म्हटलं, "बाई, अक्षरं तेवढीच..."

"हो ना. मोजलीत बरोबर. चुकून झालं असतं तर स्वल्प बरं वाटलं असतं." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "ती तिनं स्वतःला मारलेली हाक होती. तुम्ही तुमच्या आईला हाक मारता का हो, मन म्हणून?"

त्याच आठवड्यात बाईंनी भावाचं घर सोडलं आणि शाळेजवळ एक खोली घेतली. मीही बिऱ्हाड हलवलं. त्या ओट्यावरून रोज जायची छाती झाली नाही.

मग सुरू झालं ते दुरुस्तीचं काम. शिल्लक गठ्ठे त्यांनी मंडळातून उचलून नेले. कपाटाची किल्ली मागताना अण्णांशी काय बोलणं झालं कोणास ठाऊक; अण्णा दोन दिवस मंडळात फिरकले नाहीत. बाकीच्या प्रती सभासदांच्या घरोघर गेल्या होत्या. बाई रविवारी निघायच्या, मल्लेश्वरम, कॅन्टोन्मेंट, मिळेल त्या बसने, फडक्यात गुंडाळलेली लाल शाईची दौत आणि टाक घेऊन. दारात उभ्या राहून म्हणायच्या, "पुस्तक आणा." बस्स. ओट्यावर, पायरीवर, जागा मिळेल तिथे बसायच्या आणि चोपन्न ठिकाणी मन खोडून वर गोदा लिहायच्या. शेवटी पुस्तक मिटून मुखपृष्ठावरचं स्वतःचं नाव खोडायच्या. शाई वाळेपर्यंत थांबायच्या. कॉफी घ्यायच्या नाहीत.

म्हणून मी त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांनी स्वतः जे खोडलं ते मी पुन्हा छापणार नाही. एकदा हात घातला तेवढा पुरे.

एका घरचे गृहस्थ म्हणाले, "बाई, आम्हाला आपलं मनच आवडतं. गोड वाटतं."

"तुमच्या आईचं नाव?"

"सरस्वती."

"सरी. आजपासून त्यांना मी मन म्हणते. ए मन, पाणी आण जरा!"

आतून म्हातारी खरंच पाणी घेऊन आली आणि हसत सुटली. म्हणाली, "मला कोणत्याही नावानं बोलवा, पण बोलवा हो." बाई उठून तिच्या पाया पडल्या. हे मला त्या गृहस्थांनीच सांगितलं.

माझ्या घरी त्या आल्या नाहीत. वर्ष गेलं, दोन गेली. तोवर माझं लग्न झालं होतं. दर रविवारी मी पुस्तक काढून ठेवायचो. बायकोला वाटायचं, हा वाचतोय. शेवटी मीच प्रत घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो. दौत टेबलावर होती. मी पुस्तक पुढे केलं.

त्यांनी ते उघडलं, पानं चाळली आणि मिटून परत दिलं.

"तुमचं राहू दे."

"बाई, माझंच तर..."

"एक तरी चुकीचं राहिलं पाहिजे. नाही तर उद्या हेच लोक म्हणतील, असं काही झालंच नव्हतं, म्हातारीला भ्रम झाला होता. तुमच्याकडं असू दे. तुम्ही सांभाळाल." मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "शिकवलं होतं मी तुम्हाला. चांगलं शिकवलं होतं."

रागावून म्हणाल्या असत्या तर सोसलं असतं. त्या रागावल्या नव्हत्या.

साठच्या दशकाच्या शेवटी बाई गेल्या. चार दिवसांचा ताप, शाळेत फळ्यासमोरच चक्कर आली. मंडळाने शोकसभा घेतली. अध्यक्ष अण्णा. "मनाची कवयित्री हरपली," असं ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला त्या पाण्याचीही चीड आली. दोघं एका घरात वाढले, एकच गाणं दोघांनी ऐकलं, आणि एकाने ते जन्मभर ऐकलंच नाही असं केलं.

महिन्याभराने मंडळाचे दोघे जण माझ्याकडे आले. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची होती, स्मृती म्हणून.

"अडचण अशी आहे," एक जण म्हणाला, "सगळ्या प्रती त्यांनी खराब करून ठेवल्यात. हस्तलिखित सापडत नाही. तुमच्या घरी त्या कधी आल्याच नाहीत, तेव्हा स्वच्छ प्रत तुमच्याकडे असेल, असं अण्णा म्हणाले."

स्वच्छ! मी त्यांना पुढच्या रविवारी या म्हटलं.

ते आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बाईंनी सांभाळायला सांगितलेली प्रत. दिली, तर त्यावरून हजार प्रती छापणार आणि गोदा कायमची पुसली जाणार. दुरुस्त केली, तर माझ्या गुन्ह्याचा पुरावा मीच नाहीसा करणार आणि उजळ माथ्याने फिरणार. शेवटी शनिवारी दुपारी लाल शाई आणली. एकेक मन खोडलं. चोपन्न वेळा गोदा लिहिलं. अक्षर बाईंसारखं आलं नाही. मुखपृष्ठावरचं नाव खोडलं. मग पहिल्या कोऱ्या पानावर लिहिलं: "ही गाणी गोदेची आहेत. अण्णांनी सांगितल्यावरून तिच्या नावाच्या जागी मन मी बसवलं. बाईंना विचारलं नाही. छापखान्यात खोटं सांगितलं." खाली माझं पूर्ण नाव आणि सही.

रविवारी दोघे आले. एकाने पुस्तक उघडलं, पहिलं पान वाचलं, घाईने पुढची चाळली.

"अय्यो! तुम्हीपण? आता छापायचं कशावरून?"

"याच्यावरून," मी म्हटलं. "पहिल्या पानासकट. चोपन्न दुरुस्त्या आहेत. मोजून बघा."

त्यांनी मोजल्या नाहीत. पुस्तक टेबलावर ठेवून गेले. दुसरी आवृत्ती निघाली नाही. अण्णा असेपर्यंत निघणार नव्हती, आणि नंतर कोणाला आठवण राहिली नाही.

प्रत माझ्याकडेच आहे. शाई आता विटकरी झाली आहे. सकाळी घरात कोणी नसलं की मी ती काढतो आणि मोठ्याने वाचतो. शेवटच्या कडव्याला आलो की अंगठा सवयीने करंगळीकडे जातो. मी मूठ मिटून घेतो, मोजत नाही. गोदा म्हणे, असं म्हणतो, जरा मोठ्याने, लाकडाच्या खोलीपर्यंत ऐकू जाईल असं.